पितृस्थानी

“राघवेंद्र बसेल,” शेषाद्री शास्त्री म्हणाले आणि मागच्या अंगणातल्या नळाखाली पाय धुऊ लागले.

हरिणी पायरीवर बसून केळीची पानं पुसत होती. तिचा हात थांबला. आज तिच्या वडिलांचं, अप्पांचं वर्षश्राद्ध. अप्पांच्या जागी, पितृस्थानी बसून जेवायला जे म्हातारे गृहस्थ यायचे ठरले होते ते तापानं अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या जागी राघवेंद्र बसणार, असं शास्त्री सांगत होते.

“दुसरं कोण्ही नाही?” तिनं विचारलं.

“आहेत की. एक अमेरिकेला गेलाय, लेकीच्या बाळंतपणाला. एकाला साखर, त्याला पायसम नुसतं पाहून घाम फुटतो. तिसरा तुमच्याच गोत्राचा, तो चालायचा नाही. तूच सांग, कोण्हाला बसवू?” शास्त्र्यांनी उपरण्याच्या टोकानं पाय टिपले. “मराठे राजे गेले ते गेले, आता श्राद्धाला जेवणारे भोक्तेही संपत आले या तंजावुरात. राघवेंद्र बेस माणूस. संध्या चुकवत नाही, गोत्र वेगळं, काल रात्रीचा उपासही धरलाय त्यानं.”

“काल रात्री? त्यांना आज सकाळी कळलं ना?”

“आज मला कळलं. अम्मांनी त्याला कालच फोन केला होता.” एवढं बोलून शास्त्र्यांना वाटलं असावं की आपण नको तिथं पाऊल टाकलं. ते घाईघाईनं दर्भाची पिशवी घेऊन आत गेले.

हरिणीनं राहिलेलं पान पुसलं, बाकीच्या पानांवर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तिची आई कमलाक्षी मडीत, म्हणजे सोवळ्यात होती. ओल्या लुगड्यात गॅससमोर उभी राहून ती मिरी घातलेलं सांबार ढवळत होती. श्राद्धाला मिरची चालत नाही.

“अम्मा, कालच ताप आला होता त्यांना?”

“काल संध्याकाळी.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं? तू नको म्हणाली असतीस. अस्की तयारी झालेली, काही राहिलं नाही, पाट रिकामा ठेवू मी?” कमलाक्षीनं मागं वळून पाहिलं नाही. “वरीस झालं, तू त्याच्याशी एक शब्द बोलली नाहीस. या घरात किती पानांवर जेवलाय तो. तुझ्या आज्यांच्या तिथीलाही तोच बसला होता.”

ते खरं होतं. तंजावुरातली मराठी घरं आता बोटांवर मोजावी एवढी उरलेली. एकमेकांच्या लग्नात वाढायला तीच माणसं, मयताला खांदा द्यायला तीच, आणि श्राद्धाला पितर होऊन बसायला तीच. आज मी तुझा बाप होतो, उद्या तू माझा हो, असा तो शेजारधर्म. एरवी हरिणीला या गोष्टीचं हसू यायचं. आज आलं नाही.

अप्पा, म्हणजे वैद्यनाथराव, जिल्ह्याच्या सार्वजनिक प्रयोगशाळेत मुख्य विश्लेषक होते. पाणी, दूध, तेल तपासायचं आणि काय सापडलं ते लिहून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. सकाळी मोपेडवरून जायचे, डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं, संध्याकाळी यायचे तेव्हा बोटांना आम्लाचा वास असायचा. लग्नाकार्यात कुणी पाण्याचा पेला पुढं केला तर तो आधी उजेडासमोर धरायचे आणि मग प्यायचे. यजमानांना राग यायचा. गावात त्यांचं नाव ‘तण्णी राव’ पडलं, म्हणजे पाणीवाले राव. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं. माणूस म्हणून त्यांच्यात सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं. म्हणजे पापनाशमच्या पुढच्या एका खेड्यातलं पाणी प्रयोगशाळेत येईपर्यंत तरी नव्हतं.

खेड्याच्या वरच्या अंगाला कालव्याच्या काठी कापड रंगवायचा कारखाना होता, आणि कारखान्याच्या मालकाची ऊठबस मोठ्या लोकांत होती. अप्पांनी पाणी तपासलं आणि लिहिलं : पिण्यास अयोग्य. वरून फोन आला, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासलं आणि पुन्हा तेच लिहिलं. मग कुणी फोन केला नाही. रामनाथपुरमला बदलीची ऑर्डर आली, आणि अप्पांच्या खुर्चीवर जो माणूस आणून बसवला त्याला तेच पाणी गोड लागलं. खेडं ते पाणी पीत राहिलं.

नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी रामनाथपुरमच्या खाऱ्या वाऱ्यात काढली. निवृत्त होऊन घरी परतले ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. ज्याच्या हातात पगार आणि बदली, त्याच्याच हातात आपली जीभ असेल तर प्रयोगशाळा कशाला हवी? सरळ मंत्र्यांनीच पाणी चाखून सांगावं. हरिणी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. तिच्या कपाटातली पुस्तकं त्यांनी एकेक करून जेवणाच्या टेबलावर आणली. सरकारचा हिशोब तपासणारा, निवडणुका घेणारा, न्यायासनावर बसणारा, यांना शिपायासारखं उचलून दुसरीकडे का फेकता येत नाही? कारण कायद्यानं तशी तजवीज केलीय. हे वाचून अप्पा चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, हे अस्कं तुला ठाऊक होतं आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?

तिनं सांगितलं की परीक्षेला हा प्रश्न दरवर्षी येतो. ते हसले नाहीत.

“चांगला माणूस मिळाला म्हणून खूश होऊ नये,” ते म्हणायचे. “चांगला माणूस रिटायर होतो. कलम रिटायर होत नाही.”

एका निवृत्त न्यायाधीशांना गाठून, शेतकऱ्यांच्या संघटनेच्या पायऱ्या चढून, कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये वीस माणसांपुढे बोलून त्यांनी एक मसुदा उभा केला. सार्वजनिक प्रयोगशाळा सरकारी खात्याच्या हाताखालून काढाव्यात. संचालकाची निवड समितीनं करावी. त्याची मुदत पक्की असावी, चौकशीशिवाय त्याला हलवू नये. आणि अकरावं कलम, जे अप्पांनी स्वतः लिहिलं होतं : विश्लेषकाच्या अहवालाला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही, आणि ज्यानं पाणी आणून दिलं त्याला तो अहवाल कलेक्टरला मिळेल त्याच दिवशी मिळेल. पुढं कोर्टानं एका खटल्यात सरकारचे कान उपटले, निवडणूक जवळ आली, आणि कुणी स्वप्नातही आणलं नव्हतं ते झालं. विधेयक सभागृहात आलं आणि तिथून समितीकडे गेलं. समितीनं प्रयोगशाळांच्या माणसांना बोलावलं.

तोपर्यंत अप्पांचं डायलिसिस सुरू झालं होतं. चेन्नईचा प्रवास शक्य नव्हता. न्यायाधीश म्हणाले, मी जातो. अप्पा म्हणाले, कशाला, त्यांना प्रयोगशाळेतला माणूस हवा, आपला राघव आहे की.

राघवेंद्र म्हणजे त्यांचा हाताखालचा, त्यांनीच शिकवून तयार केलेला. अप्पांच्या बदलीनंतरही तो दिवाळीला पाया पडायला यायचा, वाकून. आपल्या पितरांच्या पानावर जेवलेला माणूस. माणसावर नको, कलमावर विसंबा असं जन्मभर सांगणाऱ्या अप्पांनी कलम त्या माणसाच्या हाती दिलं. हरिणी तेव्हा शेजारीच बसली होती, हातात सफरचंदाच्या फोडी घेऊन. तिलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. घरातलाच तर होता.

कायदा झाला तेव्हा अप्पा आस्पत्रीत होते. मोबाइलवर अक्षरं मोठी करून त्यांनी तो पहिल्यापासून वाचला. निवड समिती होती. पक्की मुदत होती. अकरावं कलमही होतं, त्यांच्याच शब्दांत, आणि त्याच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं : परंतु, लोकहितास्तव आवश्यक वाटल्यास सरकार असा अहवाल रोखून ठेवण्याचा आदेश देऊ शकेल.

अप्पांनी मोबाइल छातीवर पालथा ठेवला.

संध्याकाळी राघवेंद्र जांगिरीचा, म्हणजे उडदाच्या जिलेबीचा डबा घेऊन आला. म्हणाला, रात्री उशिरा वरून घातलं ते, अण्णा, आम्हांला कुणी विचारलंच नाही. अप्पांनी मान हलवली. त्यांनी एवढंच विचारलं की त्या खेड्याचं पाणी आता पुन्हा तपासणार ना. त्यानं हो म्हटलं. तपासलंही. तो अहवाल लोकहितास्तव रोखला गेला तेव्हा अप्पा नव्हते, आणि राघवेंद्राचं ते ‘रात्री उशिरा’ हरिणीला खोटं वाटू लागलं.

राघवेंद्र नव्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला. अप्पांनी लिहिलेली सगळी कलमं त्याला लागू झाली. बदली नाही, मुदत पक्की, चौकशीशिवाय केसालाही धक्का नाही. फक्त काय सापडलं ते सांगायचं नाही.

आणि आता त्यांना त्या प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीला अप्पांचं नाव द्यायचं होतं. बायपासला इमारत उभी राहिली होती. उद्घाटनाला मंत्री येणार होते. घरच्यांची संमती हवी म्हणून राघवेंद्राचे कमलाक्षीला फोनवर फोन येत होते, आणि हरिणी नको म्हणत होती. ज्या प्रयोगशाळेत अप्पांचं अकरावं कलम मारलं तिच्यावरच त्यांचं नाव चढवायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. कमलाक्षीला मात्र नाव हवं होतं. दोघींत महिनाभर यावरून अबोला होता. म्हणजे बोलणं होतं, पण भाजी, गॅस आणि औषधाच्या गोळ्यांपुरतं.

आता सांबार उतरवून कमलाक्षी दाराकडे वळली. “तू पुस्तकं वाचलीस,” ती म्हणाली. “मी माणसांची तोंडं वाचली. रामनाथपुरमला गेलो तेव्हा माझा सख्खा भाऊ लग्नाच्या पंगतीत म्हणाला, भाओजींचं डोकं फिरलंय, पाण्यात भूत दिसतं त्यांना. अस्के हसले. मी वाढत होते, हातात रसमची बादली. मी पण हसले, काय करू? आता त्या भावानं बायपासनं जाताना वर मान करून ते नाव वाचू दे. मज दुसरं काही नको.”

हरिणीजवळ होतं ते उत्तर पुस्तकातलं होतं.

राघवेंद्र आला तो अंघोळ करून, ओलं धोतर, कपाळावर गोपीचंदन. केस पिकले होते. दाराशी त्यानं हरिणीकडे पाहून मान हलवली. तिनंही हलवली. त्या घटकेपुरता तो पाहुणा होता, आणि थोड्या वेळानं पाहुणाही राहणार नव्हता.

कर्ता होता गणेशकुमार, अप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा. कुंभकोणमला बँकेत होता. आजच्यासाठी रजा काढून आला होता आणि त्याचं धोतर पट्ट्यानं आवळलेलं होतं. जानवं उजव्या खांद्यावर घ्या म्हटलं की तो डाव्या खांद्यावर घ्यायचा. शास्त्री म्हणाले, बँकेत अस्कं उलटसुलट केलेलं चालतं, इथं पितर अडून बसतील. तो म्हणाला, शास्त्रीमामा, बँकेत ओटीपी येतो, इथं नुसतं संस्कृत येतंय, मी तरी काय करणार. राघवेंद्र हसला. हसताना तो जुना राघवमामा दिसला, हरिणीला लहानपणी प्रयोगशाळेत लिटमसचा कागद रंग बदलताना दाखवणारा. तिनं नजर दुसरीकडे नेली.

देवांच्या जागी बसायला शास्त्र्यांनी आपल्या मेहुण्याला आणलं होतं. त्याचा पाट पूर्वेकडे तोंड करून मांडला. अप्पांचा उत्तरेकडे. गणेशकुमारनं राघवेंद्राचे पाय धुतले, तीळ आणि दर्भ हातात देऊन त्याला पाटावर बसवला. शास्त्र्यांनी मंत्र म्हटला. त्या मंत्रानंतर तिथं राघवेंद्र नव्हता, वैद्यनाथराव होते. निदान शास्त्र तसं सांगतं, आणि या घरानं ते कधी हसण्यावारी नेलं नव्हतं.

पान वाढलं. केळ्याची भाजी, कारलं, सुरण, डांगर, उडदाचे वडे, पुरणपोळी, पायसम. हरिणी आतून पातेली आणून देत होती, गणेशकुमार वाढत होता. पितर जेवताना बोलत नाहीत, आणि इतरांनीही बोलायचं नसतं. पंख्याचा आवाज आणि शेजारच्या घरातल्या मोटारीची घरघर, एवढंच ऐकू येत होतं. राघवेंद्र सावकाश, खाली मान घालून जेवत होता. डांगर त्यानं दोनदा घेतलं. अप्पाही दोनदा घ्यायचे. कुणी त्याला ते सांगितलं होतं की त्यालाच आवडत होतं, कुणास ठाऊक.

जेवण आटोपत आलं तसे शास्त्री म्हणाले, “विचारा.”

या घराण्यात एक रीत होती. पितृस्थानी बसलेला उठायच्या आधी घरच्यांनी त्याला विचारायचं : मनात काही राहिलंय का? तो जे बोलेल ते गेलेल्याचं बोलणं, आणि घरानं ते करायचं, मोडायचं नाही. बहुतेक जण ‘सुखी राहा’ म्हणून मोकळे होत. एकानं ‘कॉफी’ म्हटलं होतं, त्याला कॉफी मिळाली होती. पण पणज्यांच्या तिथीला एका भोक्त्यानं, भावाभावांनी एकमेकांशी बोलावं, असं पानावर बसून सांगितलं होतं. आणि वर्षानुवर्षं वाटणीवरून भांडणारे ते दोघे त्याच संध्याकाळी एका रिक्षातून मोठ्या देवळात गेले होते, तोंडं दोन दिशांना करून का होईना.

गणेशकुमारनं हात जोडले. “मनात काही राहिलंय का?”

“राहिलंय,” राघवेंद्र म्हणाला.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. तेव्हा हरिणीला कळलं की कालचा फोन नुसता जेवायला या म्हणून केलेला नव्हता.

“बायपासला इमारत झालीय,” राघवेंद्र पानाकडे बघत म्हणाला. “तिला माझं नाव देतायत. घरच्यांनी नको म्हणू नये.”

माझं. तो शब्द त्यानं सहज उच्चारला, पाठ केल्यासारखा. गणेशकुमारनं हरिणीकडे पाहिलं. शास्त्र्यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यांना दुपारी आणखी एका घरी जायचं होतं. आता बोलायचं ते हरिणीनंच, आणि बोलायला एकच शब्द उरला होता. नाही म्हटलं तर आईनं वर्षभर वाट पाहिलेल्या दिवशी, आईच्या देखत, अप्पांच्या पानावर तो नकार पडला असता. पुस्तकं वाचून माणूस रीत मोडू शकतो. आईची मोडू शकत नाही.

हातातलं पायसमचं पातेलं तिनं खाली ठेवलं.

“अप्पा,” ती म्हणाली. हा शब्द वर्षभरात तिनं कुणाला उद्देशून उच्चारला नव्हता. तोंडात तो अनोळखी लागला. “मी हो म्हणेन. आधी एक सांगा. अकराव्या कलमातलं ते परंतु कसं आलं?”

“हरिणी,” शास्त्री म्हणाले, “पानावर ऑफिस नको.”

“मी अप्पांना विचारतेय, शास्त्रीमामा.”

राघवेंद्रानं पानावरचा हात मागं घेतला. आस्पत्रीत त्यानं जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगता आलं असतं. तिथं ते चटकन जमलं होतं. पण तिथं तो स्टुलावर बसला होता. इथं पुढं अर्धं उष्टं पान होतं, बोटात दर्भाचं पवित्रक होतं, आणि मंत्र झाल्यापासून सगळे त्याला वैद्यनाथराव मानत होते. संध्या न चुकवणाऱ्या माणसाची जीभ या जागी अडखळते, हे हरिणीला ठाऊक होतं. आईनं त्याला बोलता करायला निवडलेली जागा तिनंही निवडली होती.

“रात्री नव्हतं आलं ते,” तो शेवटी म्हणाला. आवाज एवढा खाली गेला होता की गणेशकुमार नकळत पुढं वाकला. “दुपारी आलं, समितीत. अस्क्यांच्या समोर. त्यांनी मला विचारलं, असं एक वाक्य घालायचंय, प्रयोगशाळांची काही हरकत? मी म्हणालो, हरकत नाही.”

राघवेंद्रानं बोटातलं पवित्रक फिरवलं.

“आदल्या दिवशी एका साहेबानं बोलावून घेतलं होतं. म्हणाला, हे वाक्य नसेल तर विधेयकच येणार नाही, बघा. म्हणाला, तुमचीही ऑर्डर तयार आहे, नीलगिरीला. दाखवली नाही, नुसतं म्हणाला. मला वाटलं, अर्धं तरी पदरात पडू दे. कलमं तर अस्की राहिली ना.” त्यानं पानाच्या कडेचं मीठ बोटानं बाजूला सारलं. “अण्णांना सांगणार होतो. आस्पत्रीत गेलो ते सांगायलाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी डबा पुढं केला.”

या क्षणासाठी हरिणीनं वर्षभर वाक्यं जमवली होती. वर्गात शिकवताना, बसच्या खिडकीशी, आंघोळीच्या बादलीसमोर. त्यात धार होती, दाखले होते. आता त्यांतलं एकही आठवेना. आठवलं ते एवढंच की अप्पांनी त्या संध्याकाळी जांगिरीचा एक तुकडा तोंडात घातला होता. किडनीवाल्याला नको असताना, राघवला वाईट वाटू नये म्हणून.

ती म्हणाली, “हो. द्या नाव.”

राघवेंद्रानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. नको म्हटलं असतं तर कदाचित ती दिसली असती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. गणेशकुमारनं पळीनं पाणी दिलं, राघवेंद्र ते प्यायला. शास्त्र्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि गणेशकुमारनं ते चुकत-माकत म्हटलं. तृप्त झालात का? झालो. उरलेल्या अन्नाचं काय करू? आपल्या माणसांबरोबर जेवा. ते शेवटचं उत्तर राघवेंद्राला पुन्हा म्हणावं लागलं. मग तो हात धुवायला मागच्या नळाकडे गेला. परत येऊन त्यानं पाटावर बसायचं, घरच्यांनी एकेक करून त्याला नमस्कार करायचा, त्यानं डोक्यावर अक्षता टाकून आशीर्वाद द्यायचा, आणि मग दिवस संपायचा. गेलेल्याच्या बायकोचा मान पहिला.

त्याची पाठ वळली तशी कमलाक्षी स्वयंपाकघरातून बाहेर आली. लुगडं अजून अंगावर ओलसर होतं. तिनं हरिणीकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. सरळ पाटासमोर येऊन उभी राहिली.

“अम्मा, थांबा,” शास्त्री म्हणाले. “त्याला येऊन बसू द्यात. मग नमस्कार.”

कमलाक्षीनं पदर खांद्यावरून घेतला, एक हात भिंतीला टेकला आणि खाली बसू लागली. गुडघे दुखरे होते. एक टेकायला वेळ लागला, मग दुसरा. हरिणी धरायला पुढं झाली तर तिनं मान हलवून तिला थांबवलं. मग तिनं दोन्ही हात जमिनीवर ठेवले आणि त्या मोकळ्या पाटाच्या कडेला कपाळ टेकवलं.

राघवेंद्र दारात आला. शास्त्र्यांनी सवयीनं त्याच्या हातात अक्षता दिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पाटापर्यंत जायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं. तो जागच्या जागी उभा राहिला. कमलाक्षी बराच वेळ उठली नाही. त्याच्या ओल्या मुठीतून दोन-चार तांदूळ खाली पडले, बाकीचे तळव्याला चिकटून राहिले.